चांगुणाबाईंचे बियाणे

चांगुणाबाई आमच्याकडे पुढच्या दाराने कधी आल्या नाहीत, आणि मागच्या दाराने आल्या तरी घरात आल्या नाहीत. मागच्या पडवीच्या पायरीपाशी उभ्या राहून त्या विचारत, "वकील हायेत का घरात?" आहेत म्हटले की म्हणत, "असू दे मंग. पोरीला पाठवा."

वकील म्हणजे माझे वडील. कर्जतला त्यांची वकिली होती, आणि कडाव गावाकडची बरीच माणसे त्यांच्याकडे कागद घेऊन येत. वडील घरात असताना चांगुणाबाईंना मी कशाला लागते, हे मला बरेच दिवस कळले नाही. मी विचारलेही नाही. विचारण्याची मला सवय नव्हती. पुढे केव्हातरी त्यांनी आपण होऊनच सांगितले. "वकील वाचतो तवा मधीच समजावतो. तू नुसती वाचतेस."

पुण्याला मावशीकडे राहून माझे सगळे शिक्षण इंग्रजी शाळेत झाले होते. मॅट्रिक होऊन मी कर्जतला परत आले तेव्हा लढाई संपली होती, पण रेशन संपले नव्हते. मला मराठी वाचता येई, पण ओळीखाली बोट धरून. चांगुणाबाईंनी पहिल्यांदा माझ्या हातात सरकारी कागद दिला तेव्हा मी दोन ओळी वाचून अडखळले. त्यांनी माझ्याकडे बघितले, कागदाकडे बघितले, आणि हसून म्हणाल्या, "म्हंजी तुला पण येत नाय? बरं झालं. चल, दोघी शिकू."

तो कागद त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. तिसऱ्यांदा वाचून होताच त्यांनी तो मला जसाच्या तसा म्हणून दाखवला. मी जिथे अडखळले होते तिथे त्याही थांबल्या. नंतर वडिलांनी सांगितले की कडावात, आणि पलीकडच्या दोन गावांत, ती नोटीस लोकांनी चांगुणाबाईंच्या तोंडून ऐकली, माझ्या सगळ्या अडखळण्यांसकट.

त्या उंच होत्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, आणि कोपरापासून मनगटापर्यंत पेंढ्याने ओरखडलेले हात. नवरा जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. नांगर दिराचा मुलगा धरी, पण बियाण्याला हात फक्त त्यांचा. आणि हे त्यांच्या एका घरापुरतेच नव्हते. कडावात बियाण्याचे मुडे बांधायचे झाले की घरोघरची माणसे त्यांना बोलावणे पाठवीत.

मुडा मी त्याआधी पाहिला असेन, पण नीट बघितला नव्हता. झोडणी झाली की पुढच्या पेरणीचे भात वेगळे काढतात. लांब पेंढा गोल पसरून त्यात ते भात ओततात, पेंढा वर वळवून घेतात आणि पेंढ्याच्याच दोराने आवळत, लाकडी फळीने ठोकत, त्याचा घट्ट गोळा करतात. त्याच्या आत ओल जात नाही, उंदीर सहसा कुरतडत नाही. एका माघात मी वडिलांबरोबर कडावला गेले होते, तेव्हा चांगुणाबाई अंगणात मुडे बांधत होत्या. मला त्यांनी बसायला पाट दिला आणि पुढे तासभर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मला ते आवडले. घरी आलेल्या बहुतेक बायका माझ्याशी बोलायला लागत आणि मी उत्तर दिले नाही की आईकडे बघत.

चार मुडे झाल्यावर त्यांनी पदराची गाठ सोडली आणि माझ्या तळहातावर भाताचे दोन दाणे ठेवले.

"सांग, कंचा हळवा नि कंचा गरवा?"

मला दोन्ही सारखेच दिसले. त्यांनी एक दाणा उचलून दाढेखाली धरला, कट्कन फोडला. "ह्यो हळवा. लवकर येतो. वरच्या माळावर, उतारावर, जिथं पानी थांबत नाय तिथं ह्योच पायजे. आणि ह्यो गरवा. त्याला येळ लागतो, त्याला खालचं खाचर, पायात पानी. हळव्याला एक गाठ, गरव्याला दोन." मुड्यांवरच्या गाठी त्यांनी बोटाने दाखवल्या. "आंधळ्यानं पन हात लावून सांगावं."

"आणि चुकून एकत्र झाले तर?"

"चुकून?" त्या म्हणाल्या. "चुकून कसं व्हतील?"

बांधलेला मुडा पेरणीपर्यंत सोडायचा नाही, हा त्यांचा नियम. गावात तो सगळेच मानत, पण त्यांच्या घरात त्याला सवलत नव्हती. एका वर्षी घरातले भात संपले आणि पावसाळा लांबला, तेव्हा त्यांच्या घरी रानातले करांद्याचे कंद उकडून खाल्ले, वर माळ्यावर मुडे भरलेले असताना. ही गोष्ट त्यांनी मोठेपणाने सांगितली नाही. करांदे किती वेळ उकडले म्हणजे कडूपणा जातो, हे मला सांगताना ओघात सांगितली. दुसरी गोष्ट मात्र त्यांनी रंगवून सांगितली. पुतण्याने एकदा अचानक सोयरे आले म्हणून एका मुड्याचा पेंढा फाकवून दोन पायल्या भात काढले होते. चांगुणाबाईंनी मुडा पुन्हा बांधला, आणि शिमग्यापासून पेरणीपर्यंत पुतण्याशी बोलणे सोडले.

"एका घरात राहून? मग काम कसं चालायचं?" मी विचारले.

"बैलाला सांगायची. 'अरं ढवळ्या, तुज्या धन्याला सांग, भाकरी झालीय.' त्यो पन शहाणा. त्यो बैलाला सांगायचा, 'काकीला सांग, आलो.' बैल बिचारा दोगांकडं बघायचा."

लेव्हीचा कायदा आला होताच. जमिनीच्या मानाने ठरलेले भात सरकारला घालायचे, ते शहरांतल्या रेशनला जाणार. कर्जतच्या बाजारात लोक त्यावर पुष्कळ बोलत. चांगुणाबाई बोलत नसत. त्यांनी आपली लेव्ही पहिल्या आठवड्यात घातली. "शहरात मान्सं उपाशी हायेत म्हंतात. खाऊ दे." पण मी मुडे पाहिले त्या वर्षी नवा हुकूम निघाला. बियाण्याच्या नावाखाली लोक भात लपवतात, तेव्हा बियाणेही आता घरात ठेवायचे नाही. सगळे खालापूरच्या सरकारी गोदामात जमा करायचे, आणि पेरणीच्या वेळी ज्याच्या त्याच्या जमिनीप्रमाणे तिथून परत न्यायचे.

हा कागदही मीच वाचला. चांगुणाबाईंनी तो तीनदा ऐकला नाही. एकदा ऐकल्यावरच त्या पायरीवर बसल्या. आमच्या घरी त्या बसलेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

"लपवतात का खरंच?" मी विचारले.

"लपवतात की. मी नाय लपवलं, पन लपवतात. त्यांच्या घरात शिरा, झडती घ्या. बियाणं कशापायी नेताव? गोदामात कोन सांगंल, कंचं वरलं नि कंचं खालचं?" मग म्हणाल्या, "प्रांतसाहेब इंग्रजी वाचतो ना? मंग तू लिव्ह. मराठीत लय लोकांनी लिवलं, त्याचं काय झालं कोन सांगत नाय."

मी अर्ज लिहिला. शाळेत अर्ज लिहायला शिकवले होते, तसा. त्यांनी तो मराठीत सांगायला लावला. पहिलेच वाक्य होते की, आम्ही कडाव आणि आसपासचे शेतकरी साहेबांच्या चरणी नम्र भिक्षा मागतो.

"काय मागतो?"

"तशी पद्धत असते," मी म्हणाले.

"कुनाची?"

मी टाक दौतीत बुडवला.

"घरचं बियाणं घरात ठेवायचं, त्यात भिक्षा कसली? खोड ते. लिव्ह, आमी सांगतो. हळव्याचं काय, गरव्याचं काय, समदं लिव्ह. मुडा कसा बांदतात ते पन लिव्ह, त्याला ठावं नसंल."

मी ते वाक्य खोडले आणि खाली हळव्या-गरव्याचे सगळे लिहिले. माझ्या शाळेत तो अर्ज नापास झाला असता. वडिलांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "यात मी काही बदलणार नाही." कडावात अंगठे घेताना चांगुणाबाई प्रत्येकाला आधी त्याचे नाव मोठ्याने सांगायला लावत आणि मगच अंगठा टेकवू देत.

प्रांतसाहेबांचा मुक्काम खालापूरला होता त्या दिवशी गाड्या निघाल्या. पहाटे कडावहून निघालेल्या गाड्या कर्जतला आमच्या घरासमोर थांबल्या. वीस-बावीस असतील, आणि प्रत्येकीवर मुडे. गोदामात घालायला आणलेले नव्हते, साहेबांना दाखवायला आणलेले होते. मी जाऊ नये असे आईचे मत होते. माझेही तेच होते. पण चांगुणाबाई पायरीपाशी येऊन म्हणाल्या, "जिनं लिवलं ती वाचंल," आणि वडिलांनी माझ्याकडे न बघता चपला घातल्या.

कर्जतच्या एका उत्साही तरुणाने गाडीवानांना रात्रीच घोषणा पाठ करून दिल्या होत्या. खालापूरची कचेरी दिसताच सगळे गप्प झाले. चांगुणाबाई गाडीतून मागे वळून म्हणाल्या, "का रं, वाटंनं तर लय वरडत व्हताव. घसं बसलं का?" कोणीतरी हसले, पण घोषणा कोणी दिली नाही.

कचेरीसमोर चिंचेखाली टेबल मांडले होते. प्रांतसाहेब गोरे नव्हेत, आपल्याकडचेच, मध्यम वयाचे, सभ्य गृहस्थ होते. मी अर्ज वाचायला लागले आणि दुसऱ्या परिच्छेदात माझा आवाज गेला. साहेब इंग्रजीत म्हणाले, जरा मोठ्याने वाचा. मला तेही जमेना. तेव्हा मागून आवाज आला, "साहेब, दम खा जरा. पोरीला पानी द्या रं कुनीतरी." पाणी आले. साहेबांनी खरोखरच दम खाल्ला. मी अर्ज शेवटपर्यंत वाचला.

साहेबांनी तो नीट ऐकला. मग ते मराठीत म्हणाले, "तुमची भीती मला समजते, पण ती अनाठायी आहे. गोदामात सगळे व्यवस्थित ठेवले जाते. प्रत्येक गावाचे बियाणे वेगळे राहील."

"मंग दाखवा," चांगुणाबाई म्हणाल्या.

गोदामाचे कारकून पुढे झाले. किल्ली दुसऱ्या माणसाकडे आहे, तो जेवायला गेला आहे, असे त्यांनी सांगितले. तेवढ्यात गर्दीच्या कडेला उभा असलेला एक माणूस बोलला. घाटातल्या ठाकूरवाडीचा हिरू. आमच्या गाड्यांबरोबर तो आलेला नव्हता. तो म्हणाला, "आमचं हाय आत. आठ दिस झालं घेऊन गेल्याला. आमाला पन बघू द्या."

साहेबांनी किल्ली मागवली. पाच मिनिटांत आली.

आत एक मोठी रास होती. ठाकूरवाडीचे आणि आणखी दोन-तीन गावांचे मुडे सोडून सगळे भात एकत्र ओतले होते. पेंढा दाराबाहेर गुरांना टाकला होता. राशीच्या टोकाला एक काठी खोवली होती आणि तिला पुठ्ठा बांधला होता. त्यावर सुंदर अक्षरात लिहिले होते, 'बियाणे'.

"मुड्यांना जागा फार लागते, साहेब," कारकून म्हणाले. "शिवाय पेंढ्यात उंदीर होतात." त्यांना यात काही चुकले असे खरेच वाटत नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

मला वाटले, चांगुणाबाई आता ओरडतील. त्यांनी दोन्ही हातांनी राशीतले ओंजळभर भात पदरात घेतले, बाहेर आल्या, टेबलापासून चार हातांवर जमिनीवर बसल्या आणि निवडू लागल्या. एक दाणा डावीकडे, एक उजवीकडे. शंका आली की दाढेखाली धरून बघत.

"बाई, काय करता हे?" साहेबांनी विचारले.

"निवडते."

"सगळं निवडणार? किती दिवस लागतील?"

"पेरणीपत्तुर व्हईल की. नाय झालं तर तुमी सांगा साहेब, कंच्या खाचरात काय टाकू ते."

हिरूने आत जाऊन टॉवेलात भात आणले आणि तो त्यांच्या शेजारी बसला. मग कडावचे लोक एकेक करून गेले. हे कोणी ठरवलेले नव्हते. थोड्या वेळात कचेरीचे सगळे आवार बसलेल्या माणसांनी भरले. प्रत्येकासमोर भाताचे दोन ढीग, आणि मधूनमधून दाणा फोडल्याचा कट् असा आवाज. कचेरीत कामाला आलेल्यांना पाय ठेवायला जागा राहिली नाही. शिरस्तेदार दोनदा बाहेर येऊन 'उठा, उठा' म्हणाले. एक म्हातारा म्हणाला, "एवढी मूठ व्हऊ द्या रावसाहेब," आणि मूठ झाल्यावर दुसरी मूठ आणायला गेला. बंदोबस्ताला दोन शिपाई होते. त्यांतला एक काठी टेकून बराच वेळ बघत उभा राहिला. मग वाकून त्याने कोणाच्या तरी ढिगातला एक दाणा उचलला. "ह्यो गरवा नाय रं. तिकडं टाक," असे म्हणून तो पुन्हा सरळ उभा राहिला.

उन्हे कलायला लागली तेव्हा साहेबांनी स्वतः चिमूटभर भात घेतले आणि टेबलावर त्याचे दोन भाग केले. चांगुणाबाई उठून गेल्या, त्यांनी ते भाग बघितले, आणि डावीकडचे तीन दाणे उजवीकडे सरकवले. एक परत आणला. साहेबांनी लेखणी मागितली.

हुकूम असा निघाला की बियाण्याचे मुडे ज्याच्या त्याच्या घरी राहतील, तलाठ्याने त्यांच्या गाठींवर लाखेचे शिक्के मारावेत, आणि पेरणीलाच ते फोडावेत. गोदामातले बियाणे ज्यांचे होते त्यांना वजनाने परत द्यावे.

लोकांना फार आनंद झाला. परतताना घोषणा आठवल्या. वडील मला म्हणाले, "तुझा अर्ज कामी आला." मला तसे वाटत नव्हते. मी मागे बघत होते. ठाकूरवाडीच्या वाट्याला मिसळलेल्या भाताची तीन पोती आली होती आणि हिरू त्यांच्याजवळ उभा होता. त्याने एका पोत्यात हात घातला होता आणि तो काढत नव्हता. चांगुणाबाई त्याच्याशी बोलत होत्या. त्यांची गाडी आमच्या मागे असायला हवी होती. वडिलांनी हाक मारली तेव्हा त्यांनी हात हलवून सांगितले, "तुमी व्हा पुढं."

त्यानंतर त्या आमच्याकडे आल्या नाहीत. पावसाळ्यात कडावची माणसे फारशी कर्जतला येत नाहीत, म्हणून मी त्याचा विचार केला नाही. आश्विनात माझे पुण्याला कॉलेजात जायचे ठरले. जायच्या आधी वडील एका बांधाच्या कज्ज्यासाठी कडावला निघाले, तेव्हा मी आपण होऊन म्हणाले, मी येते. वडिलांनी मान वर करून माझ्याकडे बघितले. मी असे कधी म्हणत नसे.

त्या दिवसांत कडावची शेते दुरूनही वाचता येतात, निदान मला तोवर येऊ लागली होती. वरचे माळ कापून मोकळे झालेले, खालची खाचरे अजून हिरवी. फक्त एका खाचराचा रंग एक नव्हता. हिरव्यात जागोजाग पिवळे, पिवळ्यात हिरवे; एकाच चुडात, एकाच जागी लावलेल्या रोपांत, एक लोंबी पिकून वाकलेली आणि शेजारची ताठ. पिकलेल्यांतले कितीतरी दाणे गळून पाण्यात पडले होते. त्या खाचरात घोटाभर पाण्यात चांगुणाबाई उभ्या होत्या.

मी बांधावर थांबले. बघता बघता मला सगळे कळले. तरीही मी विचारले, "तुमचे मुडे तर शिक्क्याचे होते ना?"

"व्हते की. ठाकूरवाडीला गेले." त्यांनी हातातले काम थांबवले नाही. "त्यांचा उतार. पानी ठरत नाय. तिथं गरवं टाकलं तर वाळून जातं, मंग वर्सभर पोरं काय खातील? हळवंच लागतं त्यांना. माज्या खाचरात पानी तरी हाय. काय ना काय तरी येतं."

"म्हणजे ती तीन पोती तुम्ही घेतलीत? सगळी?"

"मंग काय अर्दी घेऊ?"

"त्यांचं आलं का?"

"आलं. कापून झालं कवाच. हिरू सांगून गेला." पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघितले. "लुगडं नवं दिसतंय. पुन्याला चाललीस म्हनं?"

मी हो म्हणाले. मग मी पाहिले की त्या विळ्याने चूड कापत नव्हत्या. एकेक लोंबी हातात धरून बघत होत्या आणि पिकलेली तेवढीच खुडून कमरेच्या ओटीत टाकत होत्या. एवढे मोठे खाचर, आणि एकेक लोंबी.

"असं किती दिवस चालणार?" मी विचारले.

"हळवं आदी खुडायचं, मागनं गरवं. लोंबी लोंबी घेतली म्हंजी त्यातनं दोन मुडं तरी सुद्द बियाणं निगंल. पुढल्या साली समदं जागच्या जागी." मग म्हणाल्या, "बांधाच्या कडंला उभी राहू नको गं, माती ढासळंल."

मी मागे सरले. वडील हाका मारत होते. रस्त्यावर जाऊन मी वळून बघितले, तेव्हा त्या पुढच्या चुडापर्यंत गेल्या होत्या. त्यांनी एक लोंबी वाकवून डोळ्यांजवळ धरली, ती हिरवी होती, म्हणून सोडून दिली. ती सरळ झाली, आणि त्यांनी तिच्या शेजारची धरली.